नकलेत घातलेलं वाक्य

तो सिनेमा मी पाहिलेला नाही. आमच्या गावात मास्तर सोडून कुणीच पाहिलेला नव्हता. मास्तरांनी तो दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला पाहिला. फ्रान्स देशातला होता. खाली इंग्रजी अक्षरं उमटत आणि ती वाचून होईपर्यंत पुढची येत, असं ते सांगायचे. म्हणजे त्यांना तरी तो किती कळला असेल कोण जाणे. परवा नात म्हणाली की त्या देशात असल्या जुन्या सिनेमांवरून पुन्हा नवे सिनेमे काढतात, गोष्ट तीच आणि माणसं दुसरी. मला त्याचं नवल वाटलं नाही. गोष्ट एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेली की बदलतेच. मी स्वतः एकदा ती बदलली होती आणि त्यापायी आमच्या आक्काचं लग्न मोडायला आलं होतं. तेवढं लिहून ठेवते. कुणाला दाखवायचं नाही, त्यामुळे लिहायला सोपं जातं.

भोरचं संस्थान जाऊन सात-आठ वर्षं झाली असतील. आमचं गाव वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. पाऊस एवढा की चार महिने घोंगडं वाळत नसे, आणि फाल्गुन लागला की हंडा घेऊन ओढ्यात पाणी शोधत फिरायचं. म्हणून आबांना काम असे. आबा म्हणजे माझे वडील. आमची थोडी भातखाचरं आणि उतारावरची हलकी वरकस जमीन होती, पण आबांचा खरा धंदा विहिरी खोदण्याचा. तरुणपणी ते भाटघरला धरणाच्या कामावर होते, तिथं दगडाला भोक पाडून सुरुंग लावायला शिकले. आसपासच्या दहा-पंधरा गावांत विहीर काढायची तर आबांना बोलावणं यायचं. पंचक्रोशीत दुसरा विहीर खोदणारा नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरच झालं.

घरात आई, आबा, आक्का आणि मी. आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती शाळेत गेली नाही, कारण मी लहान असताना मला सांभाळायला तीच होती. मी चौथी झाले. पुढं शाळा नव्हती. माझं अक्षर बरं होतं आणि तोंड मिटलेलं असायचं. पाहुणे आले की मी भाताच्या कणगीमागं जाऊन उभी राहायची. आई म्हणायची, "हिला इकायला बाजारात न्हेली तरी कुनाला दिसायची न्हाई."

त्या वर्षी आक्काची सोयरीक विंझरला जुळली होती. मुलगा शेतकरी, वडील नसलेला, घरात आई आणि चुलते. बघणं झालं होतं, बोलणी झाली होती, फक्त सुपारी फुटायची राहिली होती. सुपारी फुटली की शब्द पक्का, तोवर दोन्हीकडची माणसं मोकळी, अशी रीत. सुपारी जत्रा झाल्यावर फोडायची ठरली. आक्काची एक सोयरीक आधी गण जुळत नाही म्हणून मोडली होती. दुसऱ्यांदा मोडली असती तर लोकांनी गण सोडून पोरीतच खोट काढली असती. शिवाय आक्काला तो मुलगा पसंत होता. ती कधी बोलली नाही, पण विंझरच्या बाजूचं कुणी दारात आलं की पाणी द्यायला तीच उठायची.

जत्रेला आमच्याकडं दरसाल देवादिकांचं नाटक व्हायचं. मुकुट, गदा, दाढ्या सगळं शेजारच्या गावाकडून मागून आणत. आदल्या वर्षी आमच्याकडून एक मुकुट चेपला, म्हणून त्यांनी या वेळी काही द्यायचं नाही असं ठरवलं. मास्तर म्हणाले, "मग मुकुटाशिवायचं नाटक करू. धोतर-मुंडाशातलं." आणि त्यांनी पारावर त्या सिनेमाची गोष्ट सांगितली.

गोष्ट अशी होती. एक विहीर खोदणारा. त्याची तरणी पोर. तिचं एका मोठ्या घरच्या मुलाशी मन जमतं, तो लढाईवर जातो, आणि मागं पोरीला दिवस गेलेले. बाप तिला घराबाहेर काढतो. ती दूर माळावर कुणाच्या तरी आसऱ्यानं राहते, तिथंच तिला मूल होतं. पुढं दुष्काळ पडतो. बाप त्याच माळावर विहीर खोदायला येतो. तो खाली तळात असताना वरून बाळाचं रडणं ऐकतो, वर चढून येतो आणि लेकीला घरी नेतो. शेवटी मुलगाही लढाईवरून परत येतो. सिनेमात नक्की असंच होतं की मास्तरांनी आपलं काही घातलं, ते मला माहीत नाही.

लोकांना गोष्ट आवडली. सगळ्यात जास्त आबांना आवडली. ते घरी येऊन आईला म्हणाले, "देवाचं नाटक समदेच करत्यात. आमच्या धंद्यावर कुनी आजवर केलंय का?"

आई पीठ चाळत होती. ती म्हणाली, "पोरीचं लगीन व्हायचंय. जत्रेला विंझरची मानसं येनार. त्यांच्यापुढं ईर खोदनाऱ्याची पोरगी पोटुशी दावायची व्हय?"

"ते फ्रान्सचं हाय."

"विंझरच्या मानसास्नी फ्रान्स काय ठावं? त्यांना ईर खोदनारा एकच ठावं हाय."

आबा हसले आणि हात धुवायला गेले. तेव्हा आई मला बरोबर घेऊन मास्तरांकडं गेली. मास्तर समजूतदार होते. म्हणाले, "धंदा बदलून टाकू. विहीर खोदणाऱ्याच्या जागी कुंभार घालू." संध्याकाळच्या तालमीला त्यांनी तसं सांगितलं, तर कुंभार दारातच होता. तो म्हणाला, "माज्या तीन पोरी उजवायच्या हायत, मास्तर. दुसरं गिऱ्हाईक बघा."

मास्तर म्हणाले, "मग सुतार."

बापाचं काम करणारा आमच्या आळीतला सुतारच होता. त्यानं पहार खाली ठेवली. "मग तुमीच करा काम."

पोरीचं काम एक धनगर करायचा. वरच्या वाडीवर त्याची मेंढरं होती. अंगानं बारीक, आवाज नाजूक, आणि लुगडं नेसला की चालणंही बदलायचं. त्याला सगळे लेकीबाई म्हणून चिडवत. तो म्हणाला, "धनगर करा की. आमचं कोन रागावत न्हाई."

"धनगर कशाला पोरीला हाकलंल?" सुतार म्हणाला. "मेंढरामागं जायला त्यालाच मानूस पुरत न्हाई."

कुणीतरी म्हणालं, राजा करा, राजा आता कुणी उरला नाही, रागावणार कोण? त्यावर एक म्हातारा म्हणाला, "राजा पोरीला भाईर काढंल कशापायी? त्याच्याकडं खोल्या काय कमी हायत? ठेवील एखाद्या खोलीत."

असे सगळे धंदे फिरून गोष्ट पुन्हा विहिरीवरच आली. शिवाय आबांनी आपली पहार, घण आणि कप्पी नाटकाला देऊन टाकली होती आणि विहीर म्हणून आमचीच रिकामी कणगी न्यायची ठरली होती. बुडाला भोक पाडून ती उभी करायची आणि सुतारानं आत बसायचं. आबा रोज तालमीला जाऊन बसत. सुताराला म्हणायचे, "आरं, पहार आशी धरत्यात व्हय? ही काय आमटीतली पळी हाय?"

माझं काम नकला उतरण्याचं. मास्तरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग फुटावी तसं, ते कुणाला लागायचं नाही. त्यांच्या वहीवरून मी प्रत्येकाची नक्कल वेगळी उतरून द्यायची. नकलेत ज्याचं त्याचंच बोलणं असतं आणि त्याआधी समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, म्हणजे आपली पाळी कळते. दुसऱ्याचं सगळं बोलणं कुणाच्याच हातात नसतं. सगळं नाटक फक्त मास्तरांच्या वहीत होतं, आणि उतरता उतरता माझ्या डोक्यात.

उतरताना एक जागा मला टोचायची. बाप पोरीला हाकलतो तेव्हा मास्तरांनी लिहिलं होतं, पोरगी काही बोलत नाही, मान खाली घालून उभी राहते. मी स्वतः मान खाली घालून उभी राहणारी, तरी मला ते पटायचं नाही. तिनं एक शब्द बोलावा असं वाटायचं. आणि तो शब्द असा असावा की विहीर खोदणाऱ्याच्या घराला डाग लागू नये. म्हणजे आक्कालाही लागणार नाही.

जत्रेच्या आठवडाभर आधी मास्तर शाळेच्या कामासाठी भोरला गेले आणि तालीम बंद राहिली. त्यातच धनगराची नक्कल त्याच्या शेळीनं खाल्ली. तो नकलेचं उरलेलं एक पान घेऊन आमच्या दारात आला आणि आईला म्हणाला, "वैनी, धाकलीला सांगा, माजं समदं बोलनं शेळीच्या पोटात गेलं. दुसरं उतरून द्या."

वही माझ्याकडंच होती. मी नवी नक्कल उतरायला बसले आणि त्या जागेवर आल्यावर पोरीच्या तोंडी मनानं चार ओळी घातल्या. अजून पाठ आहेत. "आबा, आमचं लगीन झालंय. म्या मावशीसंगं जेजुरीला गेलते तवा. देवाच्या पायरीवर त्यांनी मला हार घातला. ते लढाईवरनं आलं की तुमाला समदं सांगत्याल."

मास्तरांच्या वहीत पोरगी बापाला बाबा म्हणायची. मी आबा लिहिलं. लिहिताना ते माझ्या ध्यानातच आलं नाही, बापाला दुसरं काही म्हणतात हे हाताला माहीत नव्हतं. आणि जेजुरी घातली, कारण आक्का त्याच वर्षी सोमवती अमावास्येला मावशीबरोबर जेजुरीला जाऊन आली होती आणि तिनं पायऱ्या, दीपमाळा, भंडारा सगळं मला इतकं सांगितलं होतं की डोळ्यांपुढं उभं राहावं. मी स्वतः कुठं गेले नव्हते. पोरीनं घरापासून लांब लग्न लावायचं तर कुठं, असं मनाशी आलं आणि एवढं एकच ठिकाण सापडलं. मला आपण शहाणपणाचं केलं असं वाटलं. दोन दिवस मी खुशीत होते.

नाटक दिवसा होतं. गॅसबत्त्या भोरहून आणाव्या लागत आणि मागच्या वर्षी दोन्ही ऐन युद्धात विझल्या होत्या. देवळापुढं मांडव घातला. मास्तर जत्रेच्या सकाळीच परतले होते, ते वही घेऊन कनातीमागं उभे राहिले. विंझरहून आक्काची होणारी सासू आणि मुलाचे चुलते आले होते. त्यांना पुढं घोंगडीवर बसवलं. सासू उंच, कोरड्या चेहऱ्याची बाई, कपाळ मोकळं. मी आणि आक्का बायकांत मागं होतो.

सुरुवात चांगली झाली. सुतार पहार घेऊन आला तेव्हा दोघं-तिघं म्हणाले, "ही तर आपल्या आबाची पहार." आबा मान हलवत होते. मग ती जागा आली. धनगर लुगड्याचा पदर तोंडाला लावून रडला आणि त्यानं माझ्या चार ओळी म्हटल्या. फार सुंदर म्हटल्या. आबा म्हणताना त्याचा आवाज फुटला.

सुताराच्या नकलेत हे काही नव्हतं. तो थांबला. त्यानं कनातीकडं पाहिलं. मास्तर वहीची पानं उलटत होते. मग सुतारानं मनानंच जोडलं, "थापा मारतीस! मावशीसंगं जेजुरीला, आन् आलीस ते हे घेऊन!" आणि पुढचं त्याचं पाठ होतं ते म्हणाला, "चालती हो."

मागून कुणीतरी हसलं. एक बाई दुसरीला म्हणाली, "आगं, सोमवतीला आबाचीच थोरली गेलती न्हवं?" ते मी ऐकलं, आक्कानंही ऐकलं. तिनं माझा हात धरला होता तो सोडून दिला. तिला ठाऊक नव्हतं कुणी लिहिलं, पण हात तिनं सोडला.

कुजबूज पुढच्या घोंगडीपर्यंत गेली तशी विंझरची सासू दिराच्या कानाशी वाकली. दोघं उठले. बापानं कणगीत बसून बाळाचं रडणं ऐकायचं होतं, फडक्यात गुंडाळलेला वरवंटा तयार होता, पण ते बघायला ती दोघं थांबली नाहीत. उन्हं आहेत तोवर घर गाठतो म्हणाले. गाठोडं आमच्याकडं होतं म्हणून घराकडं आले. आम्ही मागोमाग गेलो.

चुलत्यांनी उभ्याउभ्याच आबांना विचारलं, "थोरली जेजुरीला कवा गेलती?"

"औंदा, सोमवतीला," आबा म्हणाले. "मावशीसंगं." त्यांना वाटलं पाहुणे देवाधर्माचं विचारतात. नाटकात काय बोलणं झालं, त्याकडं त्यांचं ध्यानच नव्हतं. पहार आता तरी नीट धरतो का, एवढंच ते बघत होते.

"बरं," चुलते म्हणाले. "सुपारीचं मग कळवतो."

सासूनं गाठोडं डोक्यावर घेतलं. तिनं आक्काकडं पाहिलं नाही. मी कणगीमागं जायला वळले, तर कणगी जागेवर नव्हती. मी दाराआड उभी राहिले. तोंड उघडलं असतं तर तेव्हाच सगळं मिटलं असतं. ते मला कळत होतं. तरी ती दोघं ओढ्यापलीकडं जाईपर्यंत मी उभीच होते.

कळवतो म्हणजे नाही, हे सगळ्यांना समजतं. आईनं आबांना समजावून सांगितलं तेव्हा आबांचा चेहरा उतरला. आक्कानं घरातलं सगळं सरपण एकटीनं फोडून काढलं. आई मास्तरांना बोल लावत होती, सुताराला लावत होती, धनगराला लावत होती. माझं नाव कुणाच्या मनातही आलं नाही. मी दोन दिवस जेवत होते ते नुसतं चावत होते.

आबा तेव्हा गावाखालच्या मळ्यात विहीर काढत होते. पंधरा हात गेली होती. रोज त्यांची भाकरी मीच न्यायची. तिसऱ्या दिवशी भाकरी घेऊन गेले तेव्हा गडी जेवायला पांगले होते आणि आबा तळात एकटे सुरुंगाचं भोक पाडत होते. वरून त्यांचं मुंडासं तेवढं दिसत होतं. तोंड दिसत नव्हतं. मला वाटतं म्हणूनच मला बोलता आलं.

मी काठावर बसून म्हणाले, "आबा, त्या जेजुरीच्या ओळी म्या घातल्यात."

पहारीचा आवाज चालूच होता. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी पुन्हा मोठ्यानं म्हणाले. "मास्तरांनी न्हाई. म्या घातल्या. धनगराच्या नकलेत."

आवाज थांबला. मग आबा म्हणाले, "कशापायी?"

"त्या पोरीला लोकांनी नावं ठिवू नयेत म्हनून."

मग दोर हलला. आबा वर आले, तोंडावर दगडाची भुकटी. ते रागावतील म्हणून मी उभी राहिले. त्यांनी भाकरीचं फडकं तसंच उचललं. "नक्कल कुठं हाय?"

"धनगराकडं."

"घे. मास्तराची वही बी घे. चल."

"कुठं?"

"विंझरला. म्या सांगून ते मानायचं न्हाईत. तुला सांगावं लागंल."

धनगरानं नक्कल लगेच दिली. "घे बाई," तो म्हणाला, "माजी शेळी हिकडंच बघतीय." मास्तरांनी वही देताना माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "मला आधी विचारायचं होतंस." ते खरं होतं.

वाटेत एका ओढ्यावर आम्ही भाकरी खाल्ली. त्यांनी अर्धी मोडून मला दिली, तेव्हा मला थोडा धीर आला.

विंझरला सासू पडवीत सुपात वरई निवडत होती. शेजारच्या तीन-चार बायका होत्या. चुलत्यांना हाक मारून बोलावलं. आबांनी मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "पाव्हणं, जेजुरीचं ते बोलनं माज्या धाकलीनं मनानं घातलंय. थोरलीचं तसलं काय बी न्हाई. हीच सांगंल." पुढचं त्यांनी माझ्यावर टाकलं.

मी वही आणि नक्कल पुढं केली. चुलत्यांना थोडं वाचता यायचं. त्यांनी दोन्ही उलटून पाहिलं, बोट ठेवून ताडून पाहिलं. म्हणाले, "हिच्यात हाय आन् हिच्यात न्हाई, हे खरं. पर लिवनारं कोन, हे कागद कसा सांगंल? बापानं नंतर बसवून लिवून घेतलं आसंल."

आबांची मान खाली गेली. मी तेवढं पाहिलं.

"म्या लिवलंय," मी म्हणाले.

सासूनं सूप खाली ठेवलं. "जेजुरीच का घातलीस मग?"

"दुसरं गाव म्हाईत न्हवतं. आक्कानं सांगितलेलं तेच म्हाईत व्हतं."

"तुला रचाया येतं?"

मी मान खाली घातली.

"आसं कर," ती म्हणाली. "आमी अर्ध्यातनं उठलो. त्या पोराची आय नाटकात कुठं आली न्हाई. तिला काय तोंड न्हवतं व्हय? पोरगं लढाईवर, आन् पोरगी लेकरू घेऊन तिच्या दारात गेली, आसं धर. ती काय म्हनंल? रच. हितं, आत्ता. बापाकडं बघायचं न्हाई."

नाटकात आईचं काम नव्हतं, कारण लुगडं नेसायला तयार असलेला एकच धनगर होता. मी सुपातल्या वरईकडं बघत राहिले. पडवीच्या कडेला ऊन आलं होतं आणि माझे पाय उन्हात होते, एवढं आठवतं. मग मी सुपाकडं बघतच म्हणाले, "ती म्हनंल, हितं उनात का हुबी? लेकराच्या डोक्यावर पदर घाल आन् आत ये. तो आला म्हंजी त्याला इचारू. न्हाई आला तर आपुन दोघी हावोत."

मग एक बाई म्हणाली, "आगं बया, आसली सासू कुठं आसती व्हय?" आणि सगळ्या हसल्या. सासू हसली नाही. तिनं विचारलं, "हे मास्तराच्या वहीत हाय?"

"न्हाई."

"मग कवा रचलंस?"

"आत्ताच."

तिनं सूप उचललं, दोनदा पाखडलं आणि दिराला म्हणाली, "भावजी, रचती ती. ह्यात काय वाद न्हाई." मग आबांना म्हणाली, "सुपारीला गुरवारी या. आन् नाटकात पहार दिलीसा ते दिलीसा, म्होरं कनगी देऊ नका. लोक घरातलं वळखत्यात."

आत जाऊन तिनं गूळ-पाणी आणलं. गूळ माझ्या हातावर ठेवताना तिनं हात जरा दाबला की काय, मला नक्की सांगता येत नाही.

घरी आल्यावर आबांनी आईला सांगितलं. आक्का चुलीपुढं होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं भाकरी उलटली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "मावशीला तरी गाळायचीस. नुसती जेजुरी ठेवली आसतीस तर कुनाला कळलं नसतं." तीन दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली ते हे. मी म्हणाले, "मावशीबिगर तिला जाऊ कोन दील?" तिनं दुसरी भाकरी तव्यावर टाकली.

गुरुवारी सुपारी फुटली. वैशाखात लग्न झालं.

पुढच्या जत्रेला विंझरच्या लोकांनी मास्तरांकडून वही मागून नेली आणि तेच नाटक त्यांच्या गावात केलं. त्यांच्याकडं विहीर खोदणारा नव्हता, त्यामुळे कुणाची हरकत आली नाही. त्यांनी त्यात पोराच्या आईचं काम नवीन घातलं. मी म्हटलेलं बोलणं त्या पडवीतल्या बायकांनी गावभर केलेलं होतं, तेच थोडं बदलून घेतलं. मी बघायला गेले नाही. त्यानंतर भोंगवलीच्या बाजूलाही कुणीतरी ते केलं म्हणतात, तिथं शेवटी गाणं घातलं आणि बापाला दारू पिणारा केला. फ्रान्सचा तो विहीर खोदणारा आता कसा दिसत असेल देव जाणे.

त्या जत्रेनंतर श्रावणात आक्का माहेरी आली तेव्हा आम्ही दोघी ओढ्यावर धुणं धूत होतो. मी विचारलं, "नाटक बगितलंस?"

"बगितलं. सासूबाईंनी पुढं बसून बगितलं. आत ये म्हनायच्या टायमाला आयचं काम करनाऱ्या पोराच्या आदी त्यांनीच म्हटलं. लोक हसलं."

"मग कसं झालं?"

आक्का लुगडं आपटत राहिली. "चांगलं झालं," ती म्हणाली. "पर ती सासू तू लई चांगली केलीस. आमची तशी न्हाई."

मी म्हणाले, "म्या कुठं त्यांना बगून रचलंय."

"ते बी खरं," आक्का म्हणाली, आणि पिळायला लुगड्याचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.